मांजरपाट आधी, जरी नंतर

आखाजीच्या आगेमागे जळगावच्या फुले मार्केटात बस्ता बांधायला आलेल्या प्रत्येक घोळक्यातून एक मोबाइल पुढे येतो. त्यात कुणा नटीच्या लग्नातला लेहेंगा असतो, बहुतेक वेळा सब्यसाची मुखर्जीचा नाहीतर मनीष मल्होत्राचा. "भाऊ, सेम असाच पाहिजे." भाऊ 'आहे ना ताई' म्हणत गठ्ठ्यातून सुरतेचा माल उलगडतो. मूळ लेहेंगा लाखांतला, हा सात-आठ हजारांतला. सगळे खूश होतात. मग लग्नाच्या दिवशी भुसावळकडच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत नवरी एका हातानं नेफा वर ओढत, दुसऱ्या हातानं घोळ सावरत मांडवात उभी राहते. पॉलिएस्टरच्या जॉर्जेटखाली पॉलिएस्टरचं अस्तर, त्याखाली नायलॉनची कॅनकॅन. फोटो छान येतात.

यावर आपल्याकडे दोन ठरलेली मतं ऐकू येतात. नक्कल म्हणजे चोरी, डिझायनरच्या डोक्यातलं फुकट उचलणं, हे एक. दुसरं याच्या उलट: लाखांचा लेहेंगा घेणार कोण, नक्कल हीच गरिबाची फॅशन, त्यात बिघडलं काय? दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही मतं नक्षीपाशीच अडकलेली आहेत. नक्कल करण्याजोगी खरी गोष्ट नक्षीच्या खाली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. खान्देशानं डिझायनरांची नक्कल जरूर करावी. फक्त सध्या ती चुकीच्या टोकाकडून चालली आहे.

आधी कायद्याचं आटपून घेऊ, कारण 'चोरी' हा शब्द सैल वापरला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं की, जी रचना डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्या वस्तू यंत्रप्रक्रियेनं पन्नासहून अधिक निघाल्या की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी करायची तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली, आणि तीही माल बाजारात दाखवण्याआधी. संरक्षण मिळतं दहा वर्षं, वाढवून पंधरा. दर हंगामात शेकडो नमुने काढणारा कोण हे सगळं वेळेत नोंदवत बसणार? २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात डिझायनर रितू कुमार यांच्या कंपनीचा दावा याच कलमावर अडला. उलट २००८ च्या डिझायनर तरुण तहिलियानींच्या कंपनीच्या प्रकरणात प्रती पन्नासच्या आत होत्या, म्हणून त्यांचा हक्क टिकला. या सगळ्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: कळी (घेराचा उभा तुकडा) कशी कापावी, मुंढा (बाही बसते ती खाच) किती खोल घ्यावा, अस्तर कसं बसवावं, यावर कुणाचीच मालकी नाही. डिझायनरच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग कायद्यानं कुणालाही मोकळा ठेवलेला आहे, आणि आपण उचलतो ते नेमकं बाकीचं.

तो मोलाचा भाग पाहायचा तर लेहेंगा उलटा करून आतून बघावा.

कमर ३२ इंच, घेर १९२ इंच म्हणजे जवळपास पाच मीटर, कळ्या सोळा. एका कळीला वर दोन इंच आणि खाली बारा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत दबणारं कापड) धरली की तीन आणि तेरा. हिशेब तिसरीतल्या पोरालाही येईल. शिवताना मात्र एका जोडाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त दाबलं गेलं, की सोळा जोडांची सोळा सुतं म्हणजे कमरेत दोन इंच गेले. मग नेफ्याशी ओढाताण सुरू होते. वरून तुकडा जोडून कमर वाढवतात, त्यात कळ्यांच्या रेषा वाकड्या होतात आणि नवरीला वाटतं आपलंच वजन वाढलं.

दुसरी गोष्ट धाग्याच्या दिशेची. चांगल्या कामात उभा धागा कळीच्या बरोबर मधोमध धरतात. त्यामुळे कळीच्या दोन्ही कडा सारख्याच उरेब (तिरप्या धाग्याच्या) पडतात आणि जोड सरळ लोंबतो. कापड वाचवायला आयत तिरपा कापून दोन कळ्या काढल्या, की प्रत्येक कळीची एक कड सरळ आणि एक उरेब निघते. सरळ कड ताणली जात नाही, उरेब कड ताणली जाते. दोन्ही एकमेकींना जोडल्या की शिवणीवर चुण्या पडतात आणि घेर अंगाभोवती एका बाजूला पीळ खातो. एक कळी सुलटी, एक उलटी असं कापलं तरी कापड वाचतं, पण मग मखमलीची लव किंवा सॅटिनची चमक दर दुसऱ्या कळीत बदलते. मांडवातल्या फोकसखाली ते पट्टे लांबूनही दिसतात.

उरेब कापड लोंबतं, हे शिंप्याला सांगायला नको. पण शिवलेला घेर किमान एक दिवस-रात्र टांगून ठेवावा, मग जमिनीपासून पट्टीनं माप घेत खालची कड सारखी करावी आणि त्यानंतरच काठाची पट्टी लावावी, एवढी उसंत लग्नसराईत कुणी देत नाही. आज शिवला, आजच पट्टी लावली, की तिसऱ्या दिवशी घेर चार ठिकाणी खाली उतरलेला असतो.

भरतकामाचा क्रम तर पूर्ण उलटा आहे. मोठ्या डिझायनरकडे कळी कापडावर आखतात, पण कापत नाहीत. खाका (नक्षीचा कागद) टोचून त्या आखणीत नक्षी उतरवतात, कापड अड्ड्यावर (भरतकामाच्या चौकटीवर) ताणतात आणि माया कोरी सोडून आतच जरदोजी भरतात. दोन कळ्यांतली अर्धी-अर्धी वेल जोडावर जुळेल अशी आधीच बसवलेली असते. कापणी सगळ्यात शेवटी. सुरतेच्या मालात चव्वेचाळीस इंच पन्ह्यावर कॉम्प्युटर मशीननं सरसकट नक्षी भरलेली असते आणि तिच्यावर कळ्यांची कात्री चालते. मोराची मान एका कळीत, पिसारा कुठेच नाही. कापलेल्या कडेचे धागे सुटत जातात, टिकल्या गळतात, आणि शिवताना सुई टिकलीवर आपटून मोडते. शिंपी मग सुयांचे पैसे लावतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. चूक त्या दोघांचीही नाही, क्रमाची आहे.

वजनाचंही तसंच. पाच-सहा किलोचा घेर नाडीवर तोलला जात नाही. त्याला कॅनव्हास घातलेला अडीच-तीन इंचांचा पट्टा आणि एकाखाली एक दोन-तीन भक्कम हुक लागतात. नाडी एका रेषेवर काचते आणि घसरते. पट्टा तोच भार कमरेवर पसरतो. मांडवातला तो नेफा ओढणारा हात यावरून सुटू शकतो, आणि खर्च शंभर-दीडशे रुपये.

हे सगळं मोठ्या लेबलांना जमतं याचं कारण पैसा, हे खरं आहे, पण पुरं नाही. दुसरं कारण मांजरपाट. पॅरिस असो की दिल्ली, कापड महाग असेल तर पहिला कपडा त्यात कधीच शिवत नाहीत. आधी स्वस्त कोऱ्या सुती कापडात कच्चा नमुना करतात, अंगावर चढवतात, टाचण्या लावतात, पेन्सिलीनं खुणा करतात, उसवतात, आणि त्या उसवलेल्या तुकड्यांवरून कागदी साचा काढतात. खरं कापड त्यानंतर उलगडतं. हे कोरं सुती कापड मालेगाव आणि बुऱ्हाणपूरच्या मागांवर ताग्यांनी विणलं जातं. बुऱ्हाणपूर ही तर फारुकींच्या काळची आपली राजधानी, आजच्या राज्यसीमेनं पलीकडे गेलेली. ज्या कापडावर जगातली उंची फॅशन पहिला श्वास घेते ते आपल्या दारात निघतं, आणि आपण ते गादीच्या खोळीला वापरतो.

साधा ब्लाऊज घ्या. तालुक्याच्या गावी माप घेण्याची रीत म्हणजे 'मापाचा ब्लाऊज' आणून देणे. त्यात जुन्या शिंप्याच्या सगळ्या चुका नव्यात उतरतात. मांजरपाटाचा मीटरभर तुकडा पन्नास-साठ रुपयांना येतो. त्यावर छातीची आडवी रेषा आणि मधली उभी रेषा पेन्सिलीनं ओढायची, बगलेत एक इंच माया सोडायची, उसवायला सोपं जावं म्हणून टाका लांब ठेवायचा. चढवून पाहिलं की कापड स्वतःच बोलतं. छातीची रेषा जमिनीला समांतर नसेल तर पुढची लांबी चुकली. छातीच्या टोकापासून मुंढ्याकडे तिरपी चुणी गेली तर टक्स (उभार देणारी चिमटीची शिवण) कमी पडला. टक्स टोकाच्या इंचभर अलीकडे संपला पाहिजे. टोकावर नेला तर तिथे कोन उभा राहतो.

आणि हात वर केला की ब्लाऊज वर चढतो, ही रोजची तक्रार. त्यावर दहांतले आठ शिंपी मुंढा आणखी खोल कापतात आणि त्रास वाढतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाशी जखडलेली; हात उचलला की सगळा ब्लाऊजच वर येतो. उपाय नेमका उलटा आहे: मुंढा बगलेच्या जवळ वर घ्यायचा, बाहीची टोपी (वरचा गोल भाग) थोडी उतरवून बाही रुंद करायची. ही गोष्ट तीनशे रुपयांच्या मांजरपाटी प्रयोगांतून कळते. तीन हजारांच्या पैठणीच्या ब्लाऊजपीसवर कळली तर तोवर कात्री फिरलेली असते.

एक खबरदारी हवी. मांजरपाट ताठ असतो. जॉर्जेट किंवा शिफॉनसारखं सळसळतं कापड वापरायचं असेल तर त्याचा झोल मांजरपाटात दिसत नाही. तिथे नमुना मलमलीत किंवा साध्या स्वस्त जॉर्जेटमध्ये करावा. आणि सुती अस्तर न भिजवता लावणं हा तर आपल्याकडचा घरोघरचा गुन्हा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इंच आटतं, वरचं पॉलिएस्टर आटत नाही, आणि नवा ब्लाऊज एका धुण्यात फुगलेल्या पापडासारखा होतो. रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग कापा.

यावर शिंप्यांचं म्हणणं रास्त असतं: कच्च्या नमुन्याचे दोन-तीन तास कोण देणार? बाहीवरच्या आरी वर्कला दोन हजार मोजणारं गिऱ्हाईक फिटिंगच्या ट्रायलचे चारशे म्हटले की 'इतके?' म्हणतं. म्हणजे गाठ शिंप्याच्या हातात नसून आपल्या डोक्यात आहे. आपण दिसणाऱ्या टाक्याला पैसे देतो, न दिसणाऱ्याला देत नाही. डिझायनरचं बिल मोठं असतं त्यात नावाचा भाव आहेच, भरपूर आहे, पण न दिसणाऱ्या टाक्यांचे तासही त्यातच धरलेले असतात. डिझायनर राहुल मिश्रा २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक जिंकणारे पहिले भारतीय ठरले आणि जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर (अंगमापाच्या उंची कपड्यांच्या) सप्ताहात दाखल झाले. त्यांच्या कपड्यावर नजर जाते ती भरतकामावर. ते भरतकाम ज्या हलक्या कापडावर चुणी न पडता तोललेलं असतं, तो हिशेब फोटोत येत नाही, म्हणून त्याची नक्कलही होत नाही.

आता कापडाकडे. इथे खान्देशाचं दुखणं जुनं आहे. जामनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, जिकडे जावं तिकडे कापूस. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४-३५ किलो रुई निघते, उरलेली सरकी. रुईचं सूत होताना पंधरा टक्क्यांच्या आसपास घट धरली तर २९ किलो सूत राहिलं. चाळीस नंबरी सुताचं (आकडा मोठा तितकं सूत बारीक), कुर्त्याला चालेल असं कापड मीटरला १३५ ग्रॅमच्या घरात भरतं. म्हणजे दोनशेवर मीटर, अडीच मीटरच्या हिशेबानं ऐंशीवर कुर्ते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. एका कुर्त्यामागे शेतकऱ्याला जवळपास शंभर रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. तोच कुर्ता मोठ्या लेबलच्या दुकानात काही हजारांना लटकतो. मधल्या पैशांतला मोठा वाटा कताई, विणाई, रंगाई, कापणी, शिलाई आणि नाव यांचा, आणि या सगळ्या पायऱ्या आपण गाठी बांधून गाडीत चढवतो. कधीकाळी अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्या निदान सूत आणि कापड तरी इथेच करत होत्या.

पण म्हणून 'खान्देशी मलमल' वगैरे स्वप्नं रंगवू नयेत. आपल्या बीटी संकरित कापसाचा धागा साधारण अठ्ठावीस ते तीस मिलिमीटरचा. त्याचं तीस-चाळीस नंबरी सूत चांगलं होतं. ऐंशी-शंभर नंबरी सुताला त्याहून बराच लांब धागा लागतो. ओढून-ताणून बारीक काततील, पण मागावर ते तुटत राहील. म्हणजे आपलं कापड मध्यम जाडीचं, भक्कम, घाम शोषणारं. उन्हाळ्यासाठी, रोजच्या अंगासाठी. ही कमतरता मानू नये. डिझायनरनं इथूनच सुरुवात केली असती.

चांगले डिझायनर इथूनच सुरुवात करतात, याचे दाखले आहेत. वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्यातल्या लाल चौकड्यांच्या कुणबी साडीला पुन्हा अंगावर आणलं. तिथे ना जरी होती ना रेशीम. संजय गर्ग यांच्या रॉ मँगोनं २००८ च्या सुमारास चंदेरीपासून सुरुवात केली आणि बुट्टी, रंग व मोकळी जागा यांचाच मेळ बदलला. आणि अगदी शेजारचं उदाहरण: सेंधव्याचा घाट ओलांडून नर्मदेकाठी उतरलं की महेश्वर. तिथे १९७९ मध्ये रेहवा संस्था उभी राहिली, विणकरांची घरं तिच्याभोवती जगली, आणि आज आपल्याच बाया मुलीच्या बस्त्यात माहेश्वरी घेतात. महेश्वरला ना समुद्र आहे ना विमानतळ. अनिता डोंगरे यांनी पालघर जिल्ह्यातल्या चारोटीत शिवणकेंद्र काढलं. बायका गाव न सोडता कपडे शिवतात. धडगाव-मोलगीकडे हे होणार नाही असं काही नियतीत लिहिलेलं नाही.

साधेपणातून डिझाइन उभं करण्याची परंपराही आपल्याला परकी नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथलं टिळकनगर (अधिवेशनाची वसाहत) उभारायला गांधीजींनी नंदलाल बोसांना बोलावलं आणि त्यांनी बांबू आणि स्थानिक सामानातून ते उभं केलं. यावल-रावेरच्या मुलांना हे फॅशन डिझायनिंगच्या पहिल्या तासाला सांगायला हवं.

त्याऐवजी आपल्याकडे दोन गोष्टींचं कौतुक होतं. एक, रॅम्पवरचे शो: कॉलेजच्या स्नेहसंमेलनात चार मुली चार चकचकीत घागरे घालून चालतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. दुसरी, केळीच्या धाग्याची साडी. केळीच्या खांबाचं नव्वद टक्क्यांहून अधिक वजन पाणी असतं. मशीननं सोलून निघालेला धागा थोडका, डिंकाळ आणि ताठ. तो धुऊन मऊ करावा लागतो, आणि तरी सूतगिरणीच्या यंत्रावर कापसासारखा कातला जात नाही. सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) बाणा (आडवा धागा) म्हणून तो शोभतो, पिशव्या, चटया, पडदे यांना तर उत्तमच. त्याची साडी प्रदर्शनात हातात धरायला ठीक. अंगावर ती घडीच्या रेषेवर मोडते. धागा वाईट नाही, त्याच्याकडून साडीची अपेक्षा करणं चूक.

सरकारी पैसा यायचाच असेल तर तो कुठे यावा? आयटीआयच्या शिवणकामाच्या वर्गात मुलीमागे महिन्याला दहा मीटर मांजरपाट आणि तपकिरी कागदाचा एक रोल. बत्तीस ते चव्वेचाळीस छातीचे, इथल्या बायकांची मापं घेऊन बनवलेले ब्लाऊज-कुर्त्यांचे कागदी साचे, झेरॉक्सच्या दुकानात कुणालाही मिळतील असे. एका सूतगिरणीशी आणि धुळ्याच्या काही मागवाल्यांशी ठरवून चाळीस नंबरी सुताचे थोडे रंगीत चौकडे. टेक्सटाइल पार्कच्या भूमिपूजनापुढे हे किरकोळ वाटेल. पण पार्कातली मशीनं चालवायला जो हात लागतो, तो या दहा मीटरांत तयार होतो.

राहिला नावाचा प्रश्न. २०२१ मध्ये सब्यसाचीनं एका परदेशी साखळीसाठी कपडे काढले. त्यात सांगानेरी छपाईची आठवण करून देणारी नक्षी डिजिटल छापलेली होती. ठसेवाल्यांच्या हाताला त्यातून काम मिळालं नाही, म्हणून हस्तकलेच्या संस्थांनी खुलं पत्र लिहिलं. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरी चपला दिसल्या, पण कोल्हापूरचं नाव नव्हतं. आपण सगळे चिडलो, ते बरोबरच होतं. पण आपल्या लग्नातला लेहेंगा ज्यानं शिवला त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? मोठ्यांकडून नावाची मागणी करताना घरच्या शिंप्याचं नाव आपणच गाळतो. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथय्या, आपल्या कोल्हापूरच्याच. त्यांचंही नाव 'गांधी'च्या श्रेयनामावलीत होतं म्हणून जगाला कळलं.

जुन्या सफारीच्या किंवा कोटाच्या कॉलरखाली शिंप्याच्या दुकानाचं विणलेलं लेबल असायचं: नाव, पेठ, गाव. चाळीसगावचे, नंदुरबारचे टेलर्स त्यावरून ओळखले जात. ते लेबल आजही हजाराच्या बंडलात सुरतेहून मागवता येतं, नगामागे रुपया-दोन रुपयांत, आणि ब्लाऊजच्या मागच्या गळ्याखाली अस्तरात चार टाक्यांत बसतं.